'नाहीतर'ची ओळ

तुम्ही नेमके काय काम करता, असे कुणी विचारले की आमची नेहमी पंचाईत होते. कॉम्प्युटरचे काम करतो म्हटले तर मोहल्ल्यातले लोक प्रिंटर दुरुस्तीला घेऊन येतात. अम्मीने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. ती सांगते, "मशीनके अंदरका लिखनेका काम है." आम्हाला हे वर्णन पटते. पडद्यावरची चित्रे आणि बटणे आमची नव्हेत. त्यांच्या खाली, यंत्र आणि बाकीचे प्रोग्राम यांच्यामध्ये एक थर असतो. ज्याला त्याला जागा वाटून देणे, दिलेली जागा परत घेणे, नोंदी जपणे, एकाचे दुसऱ्यात मिसळू न देणे अशी त्याची कामे. तो थर लिहिणे हा आमचा धंदा. त्याला सिस्टिम्स सॉफ्टवेअर म्हणतात.

या लेखात एका ओळीची हकिगत सांगायची आहे. ती ओळ आम्ही लिहायला हवी होती आणि लिहिली नव्हती.

गोष्ट २००७ सालची. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या छपराखाली एका खोलीत आम्ही चौघे बसत असू. कंपनीचे नाव सांगत नाही. ती आता नाही. पिग्मी एजंटांच्या हातात असते ते पावती यंत्र आम्ही बनवत होतो. ज्यांचे लहानपण दुकानाच्या गल्ल्यामागे गेले त्यांना पिग्मी काय ते सांगायला नको. रोज संध्याकाळी पतसंस्थेचा माणूस येतो, दहा, वीस, पन्नास रुपये घेतो, हातातल्या यंत्रावर खाते क्रमांक दाबतो, कर्रर्र आवाज करत चिटोरी बाहेर येते, ती गल्ल्यात पडते. रात्री ते यंत्र संस्थेच्या कॉम्प्युटरला जोडले की दिवसभराच्या नोंदी कीर्दीत उतरतात. त्या यंत्राच्या आतले सगळे आम्ही लिहिले होते. यंत्रात रॅम होती ६४ किलोबाइट. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये याच्या हजारो पट नव्हे, लाखभर पट असते. त्या ६४ किलोबाइटमध्ये छपाई, खात्यांची यादी, नोंदी, बॅटरीचा हिशेब, सगळा संसार.

आता जागा मागण्याचा प्रकार थोडा समजून घ्यावा लागेल. सी भाषेत मॅलॉक नावाचे एक फंक्शन आहे. त्याला सांगायचे, मला इतके बाइट हवेत. जागा असेल तर ते तिचा पत्ता देते. नसेल तर शून्य देते, त्याला नल म्हणतात. ते ओरडत नाही, दिवा लावत नाही, हातात शून्य ठेवून बाजूला होते. ते शून्य बघायचे की नाही हे मागणाऱ्याने ठरवायचे. काम झाले की फ्री नावाच्या दुसऱ्या फंक्शनने जागा परत करायची. घेतलेली परत केली नाही तर ती गळती. परत केल्यावरही वापरली तर ती चोरीच म्हणायची. आणि मिळालीच नाही तर काय, हा तिसरा प्रश्न. पुस्तकात तो एका ओळीत संपतो: मॅलॉकने नल दिले का ते तपासा. आम्ही शिकलो तेही एवढेच.

आमच्या प्रोग्राममध्ये ही तपासणी होती, हे आधी सांगून ठेवतो. आम्ही अडाणी नव्हतो. प्रत्येक पावतीची नोंद कायमच्या स्मृतीत, म्हणजे फ्लॅशमध्ये लिहिण्यापूर्वी ५१२ बाइटचा एक सलग तुकडा मागितला जाई. पुढची ओळ मराठीत लिहायची तर अशी होती: जर जागा मिळाली, तर नोंद लिही. बस. नाहीतर काय करायचे, ते लिहिलेच नव्हते. जागा मिळाली नाही तर प्रोग्राम ती ओळ ओलांडून पुढे जाई, आणि पुढची ओळ होती: पावती छाप. छपाईची जागा यंत्र सुरू होतानाच राखून ठेवलेली होती, त्यामुळे पावती मात्र सुबक छापली जाई. रक्कम, खाते क्रमांक, तारीख, वेळ सगळे बरोबर. गिऱ्हाइकाच्या हातात पावती, आणि यंत्राच्या पोटात नोंद नाही.

तपासलेच नसते तर निदान गडबड तरी झाली असती. मोठ्या कॉम्प्युटरवर शून्य पत्त्यावर लिहायला गेले की प्रोग्राम तिथल्या तिथे कोसळतो. कोसळणे वाईट, पण ते दिसते. अर्धी तपासणी करून आम्ही तो आवाजही बंद केला होता.

मिरजेत आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहत. नात्याचे नव्हेत, पण आमच्या अब्बांच्या बरोबरीचे, त्यामुळे चाचाच. एका पतसंस्थेची पिग्मी ते बरीच वर्षे गोळा करत होते. दर्ग्याजवळच्या फुलवाल्यांपासून सतारमेकर गल्लीपर्यंत त्यांची फेरी. सायकल हातात धरून चालायचे, बसायचे क्वचित. रोजच्या पावत्या साधारण सव्वाशे. पण मीरासाहेबांच्या उरुसात धंदा वाढतो, फुलवाला, रेवडीवाला, चहावाला सगळ्यांच्या गल्ल्यात चार पैसे जास्त येतात, आणि रोज वीस टाकणारा पन्नास टाकतो. शिवाय एरवी दिवसाआड देणारेही रोज देतात. त्या वर्षी उरुसाच्या चार दिवसांत चाचांच्या पावत्या दिवसाला दोनशेच्या वर गेल्या.

पुढे काय झाले ते आम्हाला तुकड्यातुकड्याने कळले. उरुसानंतर दोनेक महिन्यांनी एका फुलवाल्याने पासबुक भरून आणले आणि जपून ठेवलेल्या पावत्यांशी ताडून पाहिले. दोन पावत्या पासबुकात नव्हत्या. तो संस्थेत गेला. संस्थेने इतरांकडे विचारणा केली, आणखी पावत्या निघाल्या. एकूण एकतीस पावत्या, रक्कम १,८४० रुपये. रक्कम मोठी नव्हती. पण पावती एजंटच्या हातची आणि कीर्दीत जमा नाही, याचा बाजारात एकच अर्थ होतो.

संस्थेने आमच्या कंपनीला पत्र लिहून विचारले, यंत्रात दोष असू शकतो का? हे पत्र आमच्या टेबलावर आले. आम्ही यंत्र तपासले. शंभर पावत्या काढल्या, शंभर नोंदी मोजल्या, जुळल्या. आम्ही उत्तर लिहिले की यंत्राची चाचणी घेतली असून त्यात कोणताही दोष आढळला नाही. खाली सही, शिक्का. पत्र लिहून आम्ही चहाला गेलो हेही आठवते. त्या पत्राच्या आधाराने संस्थेने चाचांचे काम काढून घेतले आणि तफावत भरायला सांगितले. कुठल्या एजंटबद्दल विचारणा आहे हे पत्रात नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

अम्मीचा फोन आला तेव्हा कळले. ती यंत्राबद्दल काही बोलली नाही. एवढेच म्हणाली की चाचा जुम्याला सगळ्यांत मागच्या सफेत बसतात आणि नमाज होताच निघून जातात, कुणाशी बोलत नाहीत.

रविवारी आम्ही दोघे मिरजेला गेलो. चाचा घरीच होते. आम्ही यंत्र बनवणाऱ्यांकडून आलो आहोत हे सांगायला आम्हाला बराच वेळ लागला. ऐकून ते आत गेले आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या पुड्या होत्या. प्रत्येक पुडीवर पेनाने तारीख आणि रक्कम. उरुसाच्या चार दिवसांच्या चार पुड्या: ३१०, ५६०, ६२० आणि ३५०.

"मेरेकू पैसे कम नै पडे, बेटा. जास्ती आये," ते म्हणाले.

संध्याकाळी यंत्र जी बेरीज सांगे तेवढी रक्कम मोजून ते संस्थेत भरत. त्या चार दिवशी भरणा करूनही पिशवीत पैसे उरले. पहिल्या दिवशी त्यांना वाटले घरचे पैसे मिसळले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी निघताना पिशवी झाडून घेतली, तरी उरले. त्यांनी कारकुनाला सांगितले. तो हसून म्हणाला, "जास्त आलेत ना? मग चहा पाजा." कमी पडले असते तर चौकशी झाली असती, जास्त पडल्याची चौकशी करायची रीत त्या कचेरीत नव्हती. चाचांनी ते पैसे बांधून, तारीख घालून ठेवून दिले.

"किसके हैं मालूम नै. मेरे नै, इत्ता मालूम," असे त्यांनी सांगितले. हे त्यांनी संस्थेत का दाखवले नाही, असे आम्ही विचारले. त्यावर ते म्हणाले की दाखवले असते तर लोक म्हणाले असते, पकडल्यावर काढून दिले.

चार पुड्यांची बेरीज आम्ही तिथेच केली. १,८४०.

त्या रात्री कोल्हापूरला परत येऊन आम्ही यंत्र टेबलावर ठेवले आणि हाताने पावत्या काढत बसलो. शंभरावर थांबलो नाही. कागदाचे रोल संपत होते, बदलत होतो. एकशे सत्त्याऐंशीवी पावती छापून आली आणि नोंदींची संख्या एकशे शहाऐंशीच राहिली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. पुढची पावती काढली, ती नोंदली गेली. त्यापुढच्या दोन गेल्या नाहीत.

मेमरी संपली नव्हती, हे यातले खरे दुखणे. मोजली तर मोकळी जागा दोन हजार बाइटांच्या वर होती. पण सलग ५१२ नव्हती. एसटीत पाच जागा रिकाम्या असतात पण एक पुढे, एक मागे, एक खिडकीपाशी; पाच जणांच्या कुटुंबाला एका बाकावर बसायचे असेल तर त्यांच्या दृष्टीने गाडी भरलेलीच. प्रत्येक पावतीच्या वेळी खातेदाराच्या नावासाठी लहानमोठा तुकडा घेतला जाई आणि मागच्या काही पावत्यांची यादी ठेवण्यासाठी काही तुकडे मागे राहत. शंभर पावत्यांपर्यंत याने काही बिघडत नसे. दीडशेच्या पुढे मेमरीचे पार चाळण होई. रात्री यंत्र बंद केले की सगळे पुसले जाई आणि सकाळी पुन्हा कोरी पाटी. म्हणूनच सव्वाशे पावत्यांच्या दिवसांत काही दिसले नव्हते.

ती 'जर'ची ओळ कुणी लिहिली होती हे आम्हाला लगेच कळले. कुणी कुठली ओळ कधी बदलली याची नोंद आमच्याकडे होती. माणसाच्या पैशाची नोंद हरवत होती, पण आमच्या ओळींची नव्हती. ते नाव इथे लिहीत नाही. हा लेख 'आम्ही' म्हणून लिहिला आहे आणि त्या 'आम्ही'त तो माणूस आहे.

दुरुस्ती करायला बसलो तेव्हा पहिली कल्पना अशी होती की 'नाहीतर' घालावे आणि त्यात पडद्यावर सूचना द्यावी. हे सोपे वाटले. तसे नव्हते. सूचना छापणाऱ्या फंक्शनने स्वतःच मॅलॉककडे जागा मागितली! मेमरी संपल्याचे सांगायलाही मेमरी लागत होती. अशा वेळी लागणारी जागा आधीच बाजूला काढून ठेवावी लागते, मय्यतीच्या खर्चाचे पैसे म्हाताऱ्या बायका वेगळे बांधून ठेवतात तशी.

दुसरी अडचण क्रमाची. नोंद झाली नाही हे कळेपर्यंत पावती हातात गेली तर त्या कळण्याचा उपयोग काय? पावती म्हणजे वचन. म्हणून आधी नोंद, नोंद झाल्याची खात्री, मग छपाई असा क्रम लावला. त्यासाठी नोंद लिहिणाऱ्या फंक्शनने 'झाले' किंवा 'झाले नाही' असे उत्तर द्यायला हवे होते. आमचे फंक्शन काहीच उत्तर देत नव्हते. उत्तर न देणाऱ्याला विचारणार कोण? मग त्याला बोलावणाऱ्या फंक्शनलाही उत्तर द्यायला शिकवावे लागले, त्याच्या वरच्यालाही. एका ओळीसाठी आम्ही चाळीसेक फंक्शने उघडली.

तिसरी गोष्ट परत करण्याची. तीन जागा मागायच्या आहेत, दोन मिळाल्या, तिसरी मिळाली नाही. आता नुसते 'झाले नाही' म्हणून निघून गेले तर आधीच्या दोन अडकून पडतात आणि टंचाई आणखी वाढते. घेतलेल्या सगळ्या परत करायच्या, आणि उलट्या क्रमाने. दस्तरखान आधी अंथरतो, मग रकाब्या मांडतो, मग सालन येते. उचलताना सालन आधी, रकाब्या मग, दस्तरखान शेवटी. लिनक्सच्या कर्नलमध्ये हे काम गोटू वापरून करतात: प्रत्येक टप्प्याला एक खूण, जिथे अडले तिथून त्या खुणेवर उडी आणि तिथून खाली एकेक परत करत जायचे. गोटू वाईट असते असे आम्हाला कॉलेजात घोकवले होते. या एका कामासाठी त्याच्याइतके स्वच्छ दुसरे काही आम्ही सी भाषेत पाहिलेले नाही.

मग चाचणी. जी वाट वर्षात चार दिवस लागते ती तपासायची कशी? आम्ही खोटा मॅलॉक लिहिला. तो पहिल्या फेरीत पहिल्या मागणीला नाही म्हणे, दुसऱ्या फेरीत दुसऱ्या मागणीला, तिसऱ्या फेरीत तिसऱ्या, असे करत काम एकही नकार न येता पूर्ण होईपर्यंत. प्रत्येक नकारानंतर बघायचे: नोंद आणि पावती जुळतात का, घेतलेली जागा परत आली का? ही रीत आमच्या डोक्यातून निघाली म्हणून आम्ही खूश होतो. पुढे वाचताना कळले की एसक्युलाइट हा डेटाबेस, जो आज जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, त्याचे लोक हेच करतात. आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये मुद्दाम जागा नाकारण्याची सोय आली ती २.६.२० या आवृत्तीत, फेब्रुवारी २००७ मध्ये, म्हणजे आमच्याच प्रकरणाच्या साली.

त्या खोट्या मॅलॉकने आमच्या प्रोग्राममध्ये आणखी सतरा ठिकाणे दाखवली. बहुतेक मामुली. एक मात्र सांगण्यासारखे. रीॲलॉक नावाचे फंक्शन घेतलेली जागा वाढवून देते. वाढवता आली नाही तर ते शून्य देते, पण जुनी जागा जशीच्या तशी ठेवते. आम्ही त्याचे उत्तर जुन्या पत्त्याच्याच जागी लिहून ठेवत होतो. म्हणजे नवे घर मिळाले नाही आणि जुन्या घराचा पत्ताही आम्हीच खोडून टाकला. सामान आत, पण जायची वाट नाही. ही चूक जगभर इतक्या लोकांनी केली आहे की तिच्याबद्दल आम्हाला एकट्याला लाज वाटत नाही.

शेवटी आम्ही नोंदींसाठी मॅलॉकच काढून टाकला. यंत्र सुरू होतानाच सगळ्या जागा आखून ठेवल्या, दिवसाला चारशे पावत्या, एकही जास्त नाही. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी दहा नियम प्रसिद्ध केले होते. त्यातला तिसरा हाच: सुरुवातीची जुळवाजुळव संपली की पुढे नव्याने जागा मागायची नाही.

नासाचे नाव निघाले म्हणून सांगतो. जागा न मिळण्याचा प्रसंग नीट निभावल्याचे आम्हाला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण चंद्रावरचे आहे. २० जुलै १९६९. अपोलो ११ चे यान उतरत असताना कॉम्प्युटरने १२०२ ही धोक्याची खूण दाखवली. त्या कॉम्प्युटरची बदलती स्मृती २,०४८ शब्दांची. प्रत्येक कामाला त्यातला बारा शब्दांचा एक संच मिळे आणि असे संच मोजकेच होते. एका रडारच्या जोडणीतल्या विजेच्या घोटाळ्यामुळे कॉम्प्युटरचा वेळ फुकट जात होता, जुनी कामे वेळेत संपत नव्हती, आणि नवे काम संच मागायला आले तेव्हा एकही शिल्लक नव्हता. १२०२ चा अर्थ हाच: संच नाहीत. म्हणजे आमच्या यंत्राला झाले तेच. फरक 'नाहीतर'चा. तिथे ते लिहिलेले होते: खूण दाखव, रांगेतली सगळी कामे सोडून दे, आणि ज्यांच्याविना यान पडेल तेवढीच कामे शेवटच्या जपून ठेवलेल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू कर. काही मिनिटांत १२०२ चार वेळा आणि १२०१ एकदा आली, प्रत्येक वेळी कॉम्प्युटर सावरला आणि यान उतरले.

यात ह्यूस्टनमधल्या दोन तरुणांचाही वाटा आहे. स्टीव्ह बेल्स आणि जॅक गारमन. उड्डाणाच्या थोडे आधी झालेल्या सरावात अशाच एका खुणेला घाबरून बेल्स यांनी उतरणे रद्द करायला सांगितले होते आणि ते चुकीचे ठरले. मग प्रत्येक खुणेचा अर्थ काय आणि तेव्हा काय करायचे याची यादी करायला सांगण्यात आले. गारमन यांनी ती हाताने लिहून जवळ ठेवली होती. १२०२ दिसल्यावर थांबायचे नाही हे सांगायला म्हणून त्यांना काही सेकंदच लागले.

आता आम्ही मोठ्या सर्व्हरवर काम करतो. तिथली तरुण मुले आम्हाला म्हणतात, सर, लिनक्सवर मॅलॉक कधी नाही म्हणतच नाही, मग तपासायचे कशाला? त्यांचे अर्धे खरे आहे. लिनक्स साधारणपणे असलेल्या जागेपेक्षा जास्त जागा कबूल करते, कारण मागणारे सगळे एकदम वापरायला येत नाहीत हा त्याचा अनुभव. पतसंस्था तरी दुसरे काय करते? ठेवीदार सगळे एकाच दिवशी दारात उभे राहणार नाहीत या भरवशावर ती कर्ज देते. आणि एखाद्या दिवशी सगळे आलेच तर लिनक्स एखादा प्रोग्राम निवडून मारून टाकते. त्या मारेकऱ्याला ओओएम किलर म्हणतात, आणि तो मारायला निवडतो तो दोषी असेलच असे नाही. पण मर्यादा घालून दिलेल्या असतील, कुणी अवाढव्य जागा एकदम मागितली, किंवा कबुलीचा हिशेब कडक ठेवलेला असेल तर मॅलॉक आजही नाही म्हणतो. खुद्द कर्नलच्या आतही असा भ्रम होता. २०१४ च्या डिसेंबरात त्यावर चर्चा झाली: लहान मागण्या, म्हणजे आठ पानांपर्यंतच्या, सहसा नाकारल्या जातच नाहीत, कर्नल जागा मिळेपर्यंत आतल्या आत खटपट करत राहते. त्यामुळे नकार आल्यावर काय करायचे याच्या हजारो ओळी लिहिल्या गेल्या आणि कधी चालल्याच नाहीत. त्या बरोबर आहेत की चूक, कुणाला ठाऊक?

प्रत्येक प्रोग्रामने शेवटपर्यंत झुंजावे असेही आमचे म्हणणे नाही. फोटो लहान करणाऱ्या प्रोग्रामला जागा मिळाली नाही तर त्याने तसे सांगून बंद व्हावे, कुणाचे काही अडत नाही. ज्याच्या पोटात दुसऱ्याची अमानत आहे त्याला ती मुभा नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये रस्ट ही भाषा कर्नलमध्ये आणण्याचा प्रस्ताव आला तेव्हा लिनस तोर्वाल्ड्स यांचा मोठा आक्षेप हाच होता, की जागा न मिळाल्यावर सगळेच थांबवून टाकणे कर्नलमध्ये चालणार नाही. तेवढे बदलल्यावरच पुढे २०२२ च्या डिसेंबरात ६.१ या आवृत्तीत रस्टचा शिरकाव झाला.

पण आम्ही चाचांना विसरलो नाही. आम्ही दुसरे पत्र लिहिले. कंपनीत ते लिहू देण्यावरून बरीच वादावादी झाली, तिचा तपशील देत नाही. दोष यंत्राचा होता, आमचे आधीचे पत्र चुकीचे होते, असे त्यात स्पष्ट लिहिले. संस्थेने चाचांना काम परत दिले. माफी कुणी मागितली असे त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही मागितली तेव्हा त्यांनी विषय बदलून चहा मागवला.

नवे यंत्र आम्ही स्वतः घेऊन गेलो. मुद्दाम चारशे पावत्या भरून ठेवल्या होत्या. चाचांनी चारशे एकावी काढायला घेतली. यंत्राने पावती दिली नाही. जागा संपली, कार्यालयात जा, असे दाखवले. आम्ही अभिमानाने त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी मान हलवली. गिऱ्हाइकाने पैसे काढून हातात दिल्यावर हे सांगून काय फायदा, असे त्यांचे म्हणणे. भर बाजारात घेतलेले पैसे परत द्यायचे म्हणजे पुन्हा चार लोक बघणार. "पैले बोलना चाहिये," ते म्हणाले. "बीस बाकी है, दस बाकी है, ऐसा."

आम्हा चौघा इंजिनियरांना हे सुचले नव्हते. जागा आधीच मोजून ठेवल्यामुळे किती उरल्या हे यंत्राला माहीतच होते. बदल एका दुपारचा निघाला. शेवटच्या वीस पावत्यांपासून यंत्र आकडा दाखवू लागले, आणि पुढे सगळ्याच संस्थांना दिलेल्या यंत्रांत ते गेले.

चाचांनी नंतर काही वर्षांनी पिग्मी सोडली. आता त्यांच्या फेरीवर त्यांचा भाचा जातो, यंत्राऐवजी मोबाइलवर पावती देतो. मागच्या ईदला आम्ही मिरजेला गेलो तेव्हा सलाम करायला त्यांच्याकडे गेलो होतो. शीरखुर्मा झाल्यावर त्यांनी तो डबा काढला. चार पुड्यांचे पैसे तर तेव्हाच संस्थेत जमा झाले होते. डब्यात एकच पुडी होती, कागद पिवळा पडलेला, वर तारीख, उरुसाच्या आधीच्या एका साध्या दिवसाची. रक्कम वीस रुपये. ही कुठल्याच पावतीशी जुळली नव्हती. त्यांनी विचारले, याचे काही कळले का? आम्ही ती तारीख लिहून घेतली. त्या दिवसाच्या त्यांच्या पावत्या होत्या एकशे अकरा. एकशे अकरा पावत्यांना आमच्या हिशेबाने जागा पुरायला हवी होती.